बिनफुलांची दिवाळी

आमच्या अंगणात न्हाणीपासून फाटकापर्यंत गुलाब होते, आणि तरी दर दिवाळीला आमच्याकडे फुलं विकत यायची. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि ती पाहुण्यांना सांगायला सगळ्यांना आवडायचं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकल काढून बाजारात जायचे आणि पानात बांधलेली पुडी घेऊन यायचे. पुडीत झेंडू, शेवंती आणि कुणातरी दुसऱ्याच्या मळ्यातले गुलाब असायचे. ती पुडी आईच्या हातात देताना अण्णा तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. आई पुडी सोडायची, एक गुलाब नाकाशी धरायची आणि म्हणायची, "वासच न्हाय ह्याला." मग ती खिडकीतून अंगणाकडे बघायची. एखादं रोगट म्हणून न छाटलेलं झाड सोडलं तर अंगणात तेव्हा नुसत्या गुडघ्याएवढ्या काटक्या उभ्या असायच्या, फूल सोडा, धड पानसुद्धा नसायचं.

कारण दसऱ्याचं सोनं वाटून झालं की अण्णा गुलाब छाटायचे. त्यात बदल नाही. दसऱ्यानंतर छाटलेला गुलाब ऐन थंडीत फुलतो, आणि थंडीतलं फूल तेच खरं फूल, असं त्यांचं ठाम मत होतं. पावसाळ्यातल्या फुलांना ते फुलं मानायलाच तयार नसायचे. "भिजल्यालं वर्तमानपत्र नुसतं," म्हणायचे. शिवाय थंडीत कोल्हापुरात फुलांचं प्रदर्शन भरायचं. तिथे गुलाब ठेवायचे तर दिवाळीच्या फुलांवर पाणी सोडणं भागच होतं. दिवाळी की प्रदर्शन, याचा निकाल अण्णांनी माझ्या जन्माआधीच लावून टाकला होता आणि त्यात आईला कुणी विचारलं नव्हतं.

यंदा दसरा आला आणि गेला, आणि गुलाब कुणी छाटले नाहीत. अण्णा श्रावणात गेले.

पहिली दिवाळी, त्यामुळे घरी पणती नाही, फराळ नाही. लाडू-चकल्यांचे डबे शेजारपाजारहून आले आणि तसेच ओट्यावर राहिले. मी भाऊबीज झाल्यावर पुण्याहून आले ते आईला न्यायलाच. तसं आमचं ठरलं होतं. मी एकटीच मुलगी, आई आता ऐंशीच्या घरात, पावसात दोनदा पाय घसरून पडलेली. तिला एकटीला ठेवायचं कसं, या विचारानं माझी झोप उडाली होती. घराला भाडेकरूही बघून ठेवला होता. माणूस चांगला वाटला, फक्त त्याला अंगणात गाडी लावायची होती. बाग काढून फरशी घातलेली चालेल का, असं त्यानं फोनवर विचारलं होतं आणि मी 'चालेल' म्हणाले होते. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं. मी येतो की पुण्याला."

आमच्याकडे बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्यात गेल्यावर मैत्रिणींनी यावरून माझी इतकी फिरकी घेतली की मी ते वर्षभरात सोडून दिलं. आईच्या तोंडून ते ऐकलं की मला घरी पोचल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मात्र ते 'येतो' ऐकून बरं वाटलं नाही.

सकाळी उठून अंगणात गेले तर पाय ठेवायला जागा नव्हती. पावसानं सगळं माजवून ठेवलेलं. गवत कमरेला लागत होतं. गुलाबांच्या बुडातून जंगली फुटवे निघून ते मूळ झाडांपेक्षा उंच गेले होते. दसऱ्यासाठी लावलेले झेंडू कुणी न तोडल्यामुळे झाडावरच काळे पडले होते. आई पायरीवर खुर्ची टाकून चहा पीत बसली होती. शेजारच्या शालनकाकी फाटकातून आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतं हे काकींना वासावरून कळतं, त्यामुळे आमचा बेत त्यांना सांगावा लागला नाही.

"झाडं तर वाटून टाका," काकी म्हणाल्या. "फरशीखाली कशाला मारायची. मला त्यो पिवळा पायजे. पर पोरी, देताना छाटून दे. मुळं उघडी करून ताण बसू दे आदी. अशीच उपटशील तर एक बी जगायचं न्हाय."

"छाटायचं कुणी?" मी विचारलं.

"तू हाईस की. बा बरोबर जल्माची हिंडलीयास ह्या बागंत."

 आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि जिन्याखाली बोट दाखवलं.

जिन्याखाली अण्णांचं गोणपाट होतं. त्यात खुरपं, लहान कुदळ आणि सिकेटर. सिकेटर म्हणजे फांद्या कापायची कात्री, पण आमच्या घरी तिला कात्री म्हटलेलं अण्णांना खपत नसे. कात्री शिंप्याची. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला ते तिला शेंगतेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायचे. ते फडकं उलगडलं आणि तेलाचा, लोखंडाचा आणि वाळल्या हिरव्या चिकाचा तो एकत्र वास आला. मी तिथेच जिन्याखाली वाकून थोडा वेळ उभी राहिले. जाताना सुद्धा तेल लावून गेलेला माणूस. मला रडू आलं, आणि रडताना त्यांचा अभिमानही वाटला.

अण्णा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. त्यामुळे आमच्या घरी थंडी कॅलेंडरवरून यायची नाही, कारखान्यावरून यायची. पाऊस उघडायचा, ऊन चटचट लागायचं, आणि मग एक दिवस बॉयलर पेटायचा. भोंगा वाजायचा. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज पहाटेपर्यंत चालायचा, आणि गल्लीतली सगळी पोरं गाडीमागून ऊस ओढायला पळायची. हवेत मळीचा आंबूस वास भरायचा. नव्या माणसाला तो नकोसा होतो. मला आजही कुठे तसा वास आला की स्वेटर शोधावासा वाटतो. आणि काजळी पडायची. चिपाडाची हलकी काळी काजळी, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, गुलाबांवर. आई दांडीवरची चादर झटकत म्हणायची, "दिवसभर तिकडं धूर करायचा आन् घरात येऊन फुलं पुसायची." ते खरंच होतं. पाळी संपवून आले की अण्णा ओल्या मलमलच्या तुकड्यानं कळ्या पुसत बसायचे. तोंडानं काही तरी पुटपुटायचे. कळ्यांशी बोलत असावेत, कारण आमच्याशी ते तेवढं बोलत नसत.

मी सुरुवात फाटकाच्या बाजूनं केली. आधी गवत, मग झेंडू. झेंडू उपटताना हाताला तो उग्र वास बसला. पूर्वी हे काम माझंच असायचं. दसऱ्याचं तोरण दारावर वाळून खडखडीत झालं की ते काढायचं, फुलं कुस्करायची, काळ्या शेपटीचं बी वेगळं करायचं आणि डब्यात भरून ठेवायचं. त्या डब्यातलं बी निम्म्या गल्लीत जायचं. कुणाच्या दारात झेंडू दिसला की अण्णा म्हणायचे, "आमचाच हाय त्यो," आणि अशा वेळी ते फार श्रीमंत वाटायचे.

मग गुलाब. माझे हात आधी बिचकत होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या झाडापाशी त्यांना आपोआप आठवायला लागलं. मेलेली फांदी आधी. मग आत वळलेली. मग बुडातला जंगली फुटवा, तो कापायचा नाही, मुळाशी धरून ओढून काढायचा. मग राहिलेल्या फांद्यांवर बाहेर तोंड केलेला डोळा शोधायचा आणि त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. पाणी त्यावर थांबता कामा नये. कापाला शेण लावायचं. हे मला कुणी शिकवलं असं आठवत नाही. अण्णांनी कधी बसवून शिकवलं नाही. मी नुसती मागून फांद्या गोळा करत हिंडायचे, तेवढ्यात ते आत गेलेलं असणार.

छाटलेल्या फांद्या वाळल्या की बंबात जायच्या. थंडीतल्या पहाटे न्हाणीत तांब्याचा बंब धुमसायचा आणि त्यात गुलाबाच्या काटक्या तडतडायच्या. गुलाबाच्या लाकडाला गुलाबाचा वास नसतो, साधा धुराचा असतो, पण मला त्या वयात तो गुलाबाचाच वाटायचा. काटक्या सारताना आईच्या बोटात काटे जायचे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या घरी सुई आणि दिवा कायम ओट्यावर असायचा. आई बोट उजेडात धरून काटा काढायची आणि अण्णांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची, "फुलं परदर्शनाला आन् काटं मला."

पण खरी परीक्षा छाटणीआधीची असायची. सोनं वाटायच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून झाडांचं पाणी तोडायचं. मग आळ्यातली माती ओढून मुळं उघडी करायची आणि त्यांना ऊन दाखवायचं. अण्णा म्हणायचे, "ताण दिल्याबिगर झाड जागं हुईत न्हाय." ऑक्टोबरच्या उन्हात त्या उघड्या मुळांकडे बघून आईचा जीव वर-खाली व्हायचा. पाहुणा आला की ती त्याला बोलावून दाखवायची, "बघा पावणं, जित्ती झाडं कशी उघडी पाडल्यात." छाटणी झाल्यावरही काही दिवस हा कोरडा उपास चालू राहायचा. एखाद्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चालायचा. मगच शेणखत, कुजवलेली मळी आणि राख आळ्यात जायची आणि पहिलं पाणी मिळायचं. त्या पहिल्या पाण्याच्या वेळी अण्णा आम्हाला सगळ्यांना बाहेर बोलवायचे. मातीतून बुडबुडे यायचे, खताचा वास उठायचा आणि मुळं पाणी पितात तो आवाज येतो असं ते सांगायचे. मला तो कधी ऐकू आला नाही, पण मी मान हलवायचे.

दुपारपर्यंत मी न्हाणीच्या बाजूला पोचले. तिथे पाट आहे. न्हाणीचं पाणी त्या पाटानं बागेत येतं. पाटाच्या तोंडाशी शहाबादी फरशीचा एक तुकडा असायचा. तो इकडे सरकवला की पाणी गुलाबांना, तिकडे सरकवला की मागच्या केळीला. फरशीचा तुकडा तिथेच होता, शेवाळलेला. तो दिसला आणि मला हसू आलं.

"आई, ते आठवतं का, मांजरानं बागेला अंघोळ घातली ते?" मी पायरीकडे वळून विचारलं.

मी सहावी-सातवीत असेन. त्या वर्षी दिवाळीला मामा, मावशी आणि त्यांची सगळी पोरं आमच्याकडे होती. गुलाब छाटून, मुळं उघडी, कोरडा उपास ऐन भरात. नरक चतुर्दशीच्या पहाटे एकेकाला पाटावर बसवून आईनं तेल लावलं, उटणं लावलं, शिकेकाईनं डोकी धुतली. एवढ्या माणसांच्या अंघोळीचं पाणी केळीकडे जायला हवं होतं. उजाडल्यावर अण्णा बाहेर गेले तर गुलाबांची सगळी आळी काठोकाठ भरलेली. वर शिकेकाईचा फेस, त्यावर तेलाचे डोळे आणि उटण्याचा घमघमाट. आळ्याकाठी अण्णा उकिडवे बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले. मग घरात येऊन एकच विचारलं, "फरशी कुणी सरकावली?" कुणीच नाही. चौकशी सगळ्या पोरांवरून फिरत फिरत शेवटी मांजरावर गेली. मांजर बिचारं चुलीपाशी झोपलेलं होतं.

त्या वर्षी गुलाब वेळेआधी जागे झाले. फुटवे लवकर आले, कळ्या लवकर आल्या, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईच्या पूजेच्या घटाभोवती घरचे गुलाब होते. टपोरे, वासाचे, ताटभर. आई त्या दिवशी नवी साडी नेसली होती. बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा तिनं प्रत्येकीच्या हातात एक एक फूल दिलं. प्रदर्शन आलं तेव्हा झाडांवर पाकळ्या गळलेली बोंडं तेवढी उरली होती. अण्णा तिकडे नुसते बघायला गेले. मी सायकलवर पुढच्या दांडीवर बसले होते, आणि पंचगंगेवरून आलेलं धुकं इतकं दाट होतं की अण्णा सारखी घंटी वाजवत होते. दुसऱ्यांच्या फुलांपुढे ते हात मागे बांधून उभे राहिले आणि प्रत्येक फुलाला चांगलं म्हणाले. येताना मला गरम जिलेबी घेऊन दिली.

पायरीवरून आई म्हणाली, "मांजर कशाला सरकावतंय. मीच सरकावली फरशी."



"तू?"

"मग काय. लगीन हून आल्यापास्नं बघत हुतो. घरात एवढं गुलाब आन् माझ्या लक्ष्मीला बाजारातली फुलं. त्यात ती मुळं उघडी, पाण्याबिगर. सणाच्या दिवशी माणसं तेल लावून न्हाणार आन् झाडं उपाशी. मला काय बघवंना. पहाटं आंधारात गेलो आन् सरकावली."

"आणि अण्णांना कधीच कळलं नाही?"

आईनं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "न कळायला काय झालं? एवढी जड फरशी मांजर सरकावतंय व्हय? फुडच्या साली ह्यो पाटाच्या तोंडाचा गुलाबी छाटला न्हाय त्यांनी. म्हणालं, ह्याला औंदा रोग हाय, ऱ्हाऊ दे. मग दर साली त्याला रोग."

मी त्या झाडाकडे बघितलं. गावठी गुलाबी, लहान फुलांचा, प्रदर्शनात कुणी ढुंकून बघणार नाही असा. आणि मला सगळ्या दिवाळ्या आठवल्या. अण्णा बाजारातून पुडी आणायचे, पूजेला ती फुलं लागायचीच. पण त्या वर्षानंतर प्रत्येक दिवाळीत आईच्या अंबाड्यात एक लहान गुलाबी फूल असायचं. ते कुठून येतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. रोगट झाडाचं फूल आई डोक्यात माळते, एवढंच मला माहीत होतं. मोठी झाल्यावर मी अण्णांना त्या झाडावर औषध मारा म्हणून पुण्याहून बाटलीसुद्धा आणून दिली होती. त्यांनी ती 'बरं' म्हणून ठेवून घेतली.

"तुम्ही दोघं याच्यावर कधी बोललात?" मी विचारलं.

"बोलायचं काय त्यात? फूल मिळालं न्हवं."

मी तिथेच पाटाच्या कडेवर बसले. मला अण्णांची इतकी आठवण आली, आणि त्याच वेळी इतकं भरून पावल्यासारखं वाटलं, की दोन्ही वेगळं करता येईना. मी या माणसांच्या घरात वाढले. एकीनं कुणाला न सांगता पाणी वळवलं आणि दुसऱ्यानं जाब न विचारता झाड सोडलं, आणि मला मध्ये बसून गरम जिलेबी मिळाली. आपल्याला काय काय मिळालं हे मिळत असताना कळलं असतं तर बरं झालं असतं, पण आता कळलं हेही काही कमी नाही.

"त्या झाडाला हात लावू नगंस," आई म्हणाली.

"नाही लावत."

संध्याकाळी काकी झाडं बघायला आल्या. बाग आता मोकळी दिसत होती. छाटलेले गुलाब, ओढलेली माती, उघडी मुळं. काकी प्रत्येक झाडापाशी थांबून कुणाला कुठलं द्यायचं ते सांगत होत्या. पिवळा त्यांना, लाल त्यांच्या जावेला, पांढरा देवळात. मी ऐकत होते. आई खुर्चीतून उठली, पायरीची कड धरून हळूच खाली उतरली आणि आमच्यामागून चालायला लागली. श्रावणापासून ती पायरीखाली उतरली नव्हती, हे काकींनी मला फोनवर सांगितलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आई झाडांपाशी थांबली नाही. ती स्वयंपाकघराच्या मागच्या मोकळ्या वाफ्यापर्यंत गेली. तिथे अण्णा कोथिंबीर, मेथी असलं काही तरी करायचे. तिनं चपलेच्या टोकानं माती उकरून बघितली.

"वल हाय," ती म्हणाली आणि घरात गेली.

रात्री जेवणं झाल्यावर ती सूप घेऊन लसूण सोलत बसली. सोलत नव्हती खरं तर, गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करत होती, साल तशीच ठेवून. बारीक पाकळ्या एका बाजूला, ठसठशीत दुसऱ्या बाजूला. मला वाटलं, पुण्याला न्यायला चटणी करणार असेल. माझ्या घरातली लसूण तिला कधीच पटलेली नाही, ती तिला तिखट लागत नाही. मी म्हटलं, "आई, तिकडं मिळते लसूण." ती म्हणाली, "मिळती की. कोन न्हाय म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत गेले होते, आईचं खातं पुण्याच्या शाखेत न्यायचं तर काय लागतं ते विचारायला. येताना उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि गल्लीच्या तोंडाशी मला थांबावं लागलं. घुंगरं नाहीत आता, मोठ्यानं गाणी लावलेली असतात. पण मागून पोरं तशीच पळत होती. ट्रॅक्टर गेल्यावर घरी आले तर दार उघडं आणि घरात कुणी नाही.  हाक मारत मी मागे गेले.

आई वाफ्यात बसली होती. पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत माती. वाफा तिनं खुरप्यानं भुसभुशीत केला होता, कडेला शेणखताची पाटी होती, ती काकींच्या गोठ्यातली. एका हातानं काडीनं भोक पाडत होती आणि दुसऱ्या हातानं एकेक पाकळी टोक वर करून मातीत बसवत होती. अर्धा वाफा झाला होता. ओळी सरळ होत्या. ज्या बाईनं जन्मभर त्या बागेवर तोंडसुख घेतलं तिच्या हाताला ओळ कशी धरायची ते माहीत होतं.

मी कडेला उभी राहिले.  मग मी विचारलं, "ही कधी निघायची?"

आईनं वर बघितलं नाही. आणखी एक पाकळी बसवली, वरून माती सारली, तळव्यानं दाबली.

"शिमग्याला."

म्हणजे थंडी संपेपर्यंत. मेथी पेरली असती तर महिन्याभरात निघाली असती. मेथी पेरायची नाही आणि लसूण लावायची, एवढं साधं तिचं उत्तर होतं, आणि ते तिनं रात्रीच सुपात निवडून ठेवलं होतं.

"आणि पुणं?"

"शिमग्याला बघू की," आई म्हणाली. "तवर पाणी घालायला कोन तरी पायजे. ताण लसणीला चालत न्हाय."

कुंपणापलीकडून शालनकाकींचा आवाज आला, "मी हाय की गं पोरी. रोज दोनदा येतो. पडली तर उचलतो, न पडली तर चा पितो." त्या कधीपासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे. शेणखताची पाटी त्यांच्याच गोठ्यातून आली होती, तेव्हा बेत त्यांना माझ्याआधी कळला होता हे उघड होतं.

माझी काळजी गेली असं मी म्हणणार नाही. ती आजही आहे, रोज रात्री फोन करेपर्यंत असते. पण त्या वेळी वाफ्याच्या कडेला उभं राहून आईचे मातीचे हात बघताना मला हरल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उलट कुणीतरी आपल्याला मोठं काही तरी परत दिलंय असं वाटलं. मी चपला काढल्या, बादली भरून आणली आणि तिनं दाबलेल्या ओळींवर हातानं पाणी शिंपडत गेले.

"गुलाबांना पण खत घालायला पायजे," आई म्हणाली. "मुळं उघडी पाडून ठेवलीयास कवापास्नं."

"काकींना पिवळा द्यायचा होता ना?"

"तिला कलम दे. झाड कशाला?"

कुंपणापलीकडे काकी काही तरी पुटपुटल्या. मी ओले हात साडीला पुसले, फोन काढला आणि त्या भाडेकरूला सांगितलं की माफ करा, आमच्याकडे गाडी लावायला जागा नाही.